सुट्टी मे महिन्यात, भटकंती खानदेशात : दोघांनी मिळून फिरणाऱ्यांसाठी धागा

सातपुडा_पायथा

आम्ही दोघेही शिक्षक असून राहायला धुळ्यात आहोत. शिक्षकाची मोठी सुट्टी मे महिन्यात येते आणि खानदेशातला मे महिना म्हणजे सकाळी नऊनंतर उंबरठा ओलांडू नये असा काळ, कारण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही इथे बातमी राहिलेली नाही. त्यामुळे ओळखीतली बहुतेक कुटुंबे सुट्टी लागताच महाबळेश्वर नाहीतर मनालीची तिकिटे काढतात. मुले शिकायला बाहेरगावी गेल्यावर आम्ही मात्र ठरवले की आधी आपला मुलूख पाहायचा आणि त्यासाठी मेची वाट न पाहता दिवाळी, नाताळ, श्रावणातले रविवार असे मिळतील ते तुकडे वापरायचे. एकच अट होती, ती म्हणजे ठिकाण आपल्या हौशीवरून निवडायचे नाही, ऋतूवरून निवडायचे.

मेमध्ये आम्ही फक्त तोरणमाळला जातो. शहाद्याहून म्हसावद आणि राणीपूर मागे टाकले की रस्ता सातपुड्यात शिरतो आणि सातपायरी घाटाची वळणे चढताना हवा बदलू लागते. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. तरीही दुपारचे ऊन तिथेही लागते, हे आधीच सांगून ठेवते, कारण ‘थंड हवेचे ठिकाण’ एवढ्या शब्दांवर विसंबून शाली घेऊन येणारी मंडळी दुपारी हिरमुसलेली दिसतात. खरा फरक दिवस मावळल्यावर कळतो. धुळ्यात रात्री अकरालाही भिंतींतून झळा येत असतात, तर इथे यशवंत तलावाच्या काठी जेवण झाल्यावर पांघरूण आठवते. सीताखाईचा धबधबा मेमध्ये कोरडा असतो खरा; पण पाणी, धुके आणि गवत यांपैकी काहीच आड येत नसल्यामुळे कड्याची खोली उन्हाळ्यातच नीट नजरेत येते, असे माझे मत आहे. वाटेत पाड्यापाड्यांवर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या असतात आणि त्यांचा आंबट वास घाटभर सोबत करतो.

आता दोघांचा मुद्दा, कारण धागा त्यासाठीच काढला आहे. मला पक्षी पाहायला आवडतात आणि यांना गडकिल्ले. दोन्ही छंदांना लागते ती सकाळच, कारण पक्षी उन्हे चढेपर्यंतच दिसतात आणि गडही उन्हे चढण्याआधीच चढावा लागतो. एका सकाळी दोन्ही साधत नाही, हे आम्हाला बरेच वाद झाल्यावर उमगले. तेव्हापासून एक सकाळ माझी आणि पुढची यांची, अशी वाटणी आहे. ज्याची सकाळ नसेल त्याने सोबत यायचे, पाण्याची पिशवी उचलायची आणि ‘अजून किती वेळ?’ हा प्रश्न विचारायचा नाही, एवढाच नियम. इतर जोडपी ही वाटणी कशी करतात आणि कोणत्या ऋतूत कुठे जातात, हे वाचायला आवडेल.

केळीबाग_रावेर

धाग्याचा विषय आवडला. आमच्या रावेर-यावल पट्ट्याबद्दल लिहितो. बाहेरच्या माणसाला आमच्याकडे फक्त केळी दिसते. पण केळीच्या बागांच्या मागे उत्तरेला सातपुड्याची जी निळसर भिंत उभी आहे, तिच्यात पाल आहे. पाल हे यावल अभयारण्यातले आणि सुकी नदीच्या खोऱ्यातले गाव आहे. ऑक्टोबर ते जानेवारी हा तिथला उत्तम काळ. साग अजून पानांनी भरलेला असतो आणि ओढ्यांना पाणी असते. मार्चनंतर सागाची पाने गळून जंगल उघडेबोडके होते. तेव्हा आलेली मंडळी ‘इथे जंगल कुठे आहे?’ असे विचारतात.

श्रावणात मात्र मनुदेवीला पर्याय नाही. देवळासमोरच कड्यावरून पाणी कोसळते आणि देवी खानदेशातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता असल्यामुळे भाविक आणि सहलीला आलेले लोक यांत फरक करता येत नाही. माझी पत्नी ओटी भरायला जाते आणि मी धबधबा पाहायला. एकाच फेरीत तिचे देवदर्शन आणि माझी भटकंती अशी दोन्ही कामे होत असल्याने आमच्या घरात वाटणीचा प्रश्न अजून आलेला नाही.

एक गोष्ट सर्वांनी ध्यानात घ्यावी. सातपुड्यातल्या नद्या-नाल्यांचे पाणी वरच्या डोंगरांतून येते. खाली पायथ्याशी लख्ख ऊन असताना वर जोराचा पाऊस झालेला असतो आणि पाहता पाहता नाल्याला लोंढा येतो. पाणी गढूळ झाले, काड्याकचरा वाहून येऊ लागला किंवा पाण्याचा आवाज बदलला, तर पात्रातला फोटो अर्धवट सोडून आधी काठावर यावे. नाल्याच्या पलीकडच्या काठावर गाडी लावून अलीकडे डबा खायला बसू नये.

हिवाळ्यात अडावदजवळचे उनपदेव जोडून घेता येईल. गोमुखातून पडणाऱ्या गरम पाण्याची मजा डिसेंबरच्या पहाटे जी येते ती इतर वेळी येत नाही.

अमळनेरचा_पुणेकर

वातावरण थोडे बिघडवतो, त्याबद्दल राग नसावा. मी मूळचा अमळनेरचा आहे आणि या मुलखावर माझे प्रेम आहे, पण पत्नीला घेऊन सुट्टी घालवायची म्हटल्यावर प्रेमापेक्षा सोयी पाहाव्या लागतात. वर उल्लेख आलेल्या ठिकाणांपैकी किती जागी बाईमाणसासाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे? मुक्कामाला गेल्यावर जेवण मिळेल याची खात्री किती ठिकाणी देता येते? गेल्या हिवाळ्यात एका ठिकाणी फोनवरून ठरवलेली खोली प्रत्यक्षात दुसऱ्यालाच दिलेली निघाली आणि आम्हाला रात्री घाट उतरून परत यावे लागले. अशाने पुढच्या वेळी घरातून होकार मिळत नाही. खानदेशात आलेल्या पाहुण्यांना मी तरी अजिंठाच दाखवतो. लेणी जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे आहेत हे मान्य, पण जळगावहून ती साठेक किलोमीटरवर आहेत, रस्ता आहे, सोयी आहेत, फक्त सोमवार टाळावा लागतो.

सातपुडा_पायथा

राग कशाला येईल? आपला मुद्दा खरा आहे आणि तो बहुतेक प्रवासवर्णनांतून गाळला जातो. स्वच्छतागृहांच्या बाबतीत मी स्वतःपुरता मार्ग काढला आहे. डोंगराकडे वळण्याआधीच्या शेवटच्या मोठ्या गावात, म्हणजे शहादा, यावल किंवा चाळीसगाव येथे, बसस्थानकावर न थांबता एखाद्या बऱ्या हॉटेलात चहा घ्यायचा आणि तिथली सोय वापरायची. पुढे पाड्यावर एखाद्या घरी मोकळेपणाने विचारले तर बायका कधी नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मुक्कामाबद्दल म्हणाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करावा आणि रात्रीचे जेवण किती माणसांचे हवे ते दुपारीच कळवावे. लहान ठिकाणी स्वयंपाक माणसे मोजून होतो, त्यामुळे रात्री आठला जाऊन ‘काय मिळेल?’ म्हणून विचारणे त्यांच्यावरही अन्यायाचे आहे.

अजिंठ्याबद्दल दुमत नाही. मात्र अजिंठा पाहून खानदेश पाहिला असे म्हणणे मला पटत नाही.

गडवाट_धुळे

वरच्या लेखात ज्यांच्या हातात पाण्याची पिशवी दिली आहे तो मीच. सौभाग्यवतींनी वाटणीचे वर्णन न्याय्य केले आहे; फक्त हतनूर धरणाच्या काठावर त्यांची सकाळ दुपारी बारापर्यंत चालते, हे लिहायचे राहिले.

किल्ल्यांबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सह्याद्रीतले गड पाहिलेले लोक खानदेशातल्या किल्ल्यांना किल्ले मानायलाच तयार नसतात. आमच्या धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की दहाएक किलोमीटरवर लळिंग आहे. लाखो लोक त्याच्या पायथ्यावरून जातात आणि मान वर करून पाहत नाहीत. खानदेशावर फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून दोन शतके राज्य केले. थाळनेर ही त्यांची आरंभीची राजधानी आणि लळिंग हा त्यांच्या मोक्याच्या ठाण्यांपैकी एक. वर पाण्याची टाकी आणि पडके अवशेष आहेत. पण त्याहून मोलाचे म्हणजे वरून दिसणारा रस्ता. दख्खनेतून उत्तरेकडे जाणारी वाट या डोंगराच्या नजरेखालून जाते, हे पाहिल्यावर किल्ला इथेच का, याचे उत्तर पुस्तक न उघडता मिळते. पायथ्याच्या जंगलात लांडोर बंगला आहे. १९३७ मध्ये धुळ्याला आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते आणि त्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तिथे मोठी गर्दी लोटते. लळिंग पावसाळा संपता संपता करावा, कारण त्या आठवड्यांत डोंगर हिरवा असतो आणि पायवाटेवरचा चिखल वाळलेला असतो.

थाळनेरला किल्ला म्हणून जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. तटबंदीचा बराच भाग नाहीसा झाला आहे. तरीही तिथे जावे, तापीसाठी आणि फारुकींच्या कबरींसाठी. त्यांतल्या एका कबरीच्या दगडावरील नक्षी पाहताना माझी पत्नी पक्षी विसरून उभी राहिली होती, यावरून काय ते समजावे. १८१८ च्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. पेशवाई बुडाल्याची कथा आपण पुण्यापाशी संपवतो, पण ती इथे तापीकाठी येऊन टेकली होती.

तिसरा अशीरगड. तो आज मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खानदेशाचा विचार केला तर तो आपल्याच घराचा दरवाजा आहे. १६०१ मध्ये अकबराने तो घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. बऱ्हाणपूर-खांडवा रस्त्यावरचा हा गड आणि खुद्द बऱ्हाणपूर मिळून दोन दिवस मोकळे ठेवावेत. बऱ्हाणपुरात उन्हाळ्यातही पाहण्याजोगी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कुंडी भंडारा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरापर्यंत आणण्याची ही योजना अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली, १६१५ च्या सुमाराची आहे. विहिरीसारख्या कुंड्यांच्या ओळीवरून बोगद्याचा मार्ग वरून ओळखता येतो आणि खाली उतरल्यावर बाहेरचा उन्हाळा खोटा वाटतो.

रानपिंगळा

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या नावामागची गोष्ट सांगतो, कारण ती याच मुलखातली आहे. रानपिंगळा हे लहान घुबड १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी शास्त्रीय जगाला कळवले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. त्यांतला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे पक्षी कुणाला सापडलाच नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात १९१४ ची नोंद असलेला एक नमुना होता. पण तो जुनाच चोरलेला नमुना असून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती, हे पामेला रासमुसेन यांनी उघड केले. तो खोटा पुरावा बाजूला झाल्यावर शोध जुन्या खऱ्या ठिकाणांवर केंद्रित करता आला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला. पुढे तोरणमाळ आणि यावलच्या जंगलांतही त्याच्या नोंदी झाल्या.

आता कामाचे. हा पक्षी दिवसा वावरतो, म्हणून जोडप्याने रात्री रानात शिरण्याची गरज नाही. सागाच्या उघड्या फांदीच्या टोकाला बसलेला दिसेल. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, तर याचे डोके जवळजवळ एकसारखे तपकिरी वाटते आणि पायांवरची पिसे दाट पांढरी असतात. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याची जी प्रथा पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी आला असे समजून तो अंडी-पिल्ले सोडून भांडायला येतो, आणि हे रोज नव्या पर्यटकासाठी घडत राहिले तर ती जागाच सोडतो. आपण जिथे पाहिला तिथले नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, ही दुसरी विनंती.

@सातपुडा_पायथा, हतनूरला आपण कोणत्या महिन्यात जाता?

सातपुडा_पायथा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाताळच्या सुट्टीत. धरणाच्या फुगवट्यात उथळ पाणी पसरलेले असते आणि तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे हिवाळी पाहुणे उतरतात. धुके विरेपर्यंत दुर्बिणीतून काहीही दिसत नाही, म्हणून सकाळ बारापर्यंत लांबते. तक्रार करणाऱ्यांना हे कारण माहीत आहे. परतीच्या वाटेवर तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ यांच्यासाठी ठेवलेले असते आणि तिथल्या दगडी कोरीवकामापुढे हे जेवणाची वेळ विसरतात, हेही या निमित्ताने नोंदवते. मुक्काम आम्ही भुसावळकडे नातेवाइकांकडे करतो. त्या दिवसांत शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून केलेले भरीत आणि कळण्याची भाकरी असा बेत असतो. पक्षी दिसले नाहीत तरी सहल वाया जात नाही.

नवी_वाट

मी पहिल्यांदाच लिहीत आहे. आमचे लग्न याच वर्षी झाले आहे आणि दिवाळीत आम्ही दोघे पाटणादेवीला जाण्याचे ठरवत आहोत. आमच्याकडे स्वतःची गाडी नाही. सासूबाईंना जंगलात दोघेच जाणार याची काळजी वाटते. एसटीने जाऊन दिवसभरात काय पाहता येईल आणि पितळखोऱ्यापर्यंत चालत जाणे आमच्यासारख्या नवख्यांना जमेल का?

चाळीसगावकर

दिवाळीची निवड उत्तम आहे. पाटणादेवी चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर आहे. सुरत-भुसावळ मार्गावरून येणार असाल तर जळगावला गाडी बदलून चाळीसगावला उतरावे. बसच्या वेळा सणासुदीत बदलतात, म्हणून स्थानकावर उतरल्याबरोबर जाण्याची नव्हे तर परतीच्या शेवटच्या बसची चौकशी करावी. ती चुकण्याची शक्यता वाटली तर दिवसभरासाठी रिक्षा ठरवावी आणि चालकाला थांबवून ठेवावे.

चंडिकेचे हेमाडपंती देऊळ डोंगरांच्या कुशीत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापल्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि तो भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे जन्मगाव हेच की आणखी कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण ‘लीलावती’तली गणिते एके काळी या दरीत शिकवली जात होती, एवढे त्या दगडावरून म्हणता येते. आपल्यापैकी कुणी गणिताचे असेल तर देवळापाशी थोडा वेळ अधिक धरावा.

देवळापासून केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे चालण्याच्या टप्प्यात आहेत. दिवाळी लवकर आली आणि पाऊस लांबलेला असेल तर त्यांना पाणी असते, नाहीतर बारीक धार राहते. कण्हेरगडाच्या वाटेवर नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही कोरलेली लेणी आहेत. सवय नसलेल्यांनी दोघांच्या पहिल्या फेरीत एवढेच करावे, दिवस भरून जातो.

पितळखोऱ्याला पाटण्याकडून दरीतून वर चढणारी वाट आहे, परंतु स्थानिक वाटाड्याशिवाय ती करू नये. हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा आहे, बिबट्याचा वावर आहे आणि पावसाळ्यानंतर गवत डोक्याएवढे वाढून वाटा बुजलेल्या असतात. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करावी आणि तिथेच वाटाड्याची चौकशी करावी. लेणीच पाहायची असतील तर कन्नडच्या बाजूने रस्त्याने जाता येते. ती इसवी सनापूर्वीच्या काळात खोदायला सुरुवात झालेली बौद्ध लेणी आहेत आणि पैठणच्या गंधिकांनी, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांनी, दिलेल्या दानाचे लेख तिथे आहेत. कण्हदास नावाच्या सोनाराने घडवलेला यक्ष मात्र आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

सासूबाईंच्या काळजीवर उपाय असा की त्यांनाही सोबत न्यावे. देवळापर्यंत रस्ता आहे आणि देवीचे दर्शन होते म्हटल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत. त्या देवळात बसतील, आपण केदारकुंडापर्यंत जाऊन यावे.

नवी_वाट

मनःपूर्वक आभार. हा उपाय आमच्या दोघांच्याही लक्षात आला नव्हता. यांचा चेहरा किंचित पडला आहे, पण सासूबाईंनी आत्ताच डब्याचा बेत सांगायला सुरुवात केली आहे.

अमळनेरचा_पुणेकर

वाचून थोडा नरम झालो आहे. होळीच्या सुमारास आम्ही दोघे गावी येणार आहोत. काठीच्या राजवाडी होळीबद्दल फार ऐकले आहे. पत्नीला छायाचित्रणाचा छंद आहे. तिथे जाणे योग्य ठरेल का?

गडवाट_धुळे

जरूर जावे, मात्र तो कार्यक्रम पाहुण्यांसाठी आखलेला नाही, एवढे मनात ठेवून जावे. काठी हे अक्कलकुवा तालुक्यातले सातपुड्यातले गाव आहे. होळी पहाटेच्या सुमारास पेटते आणि त्याआधी रात्रभर ढोलावर नाच चाललेला असतो, त्यामुळे झोपेचा विचार सोडून द्यावा. अंगावर राख-रंगांची नक्षी काढून नाचणारे बावा-बुध्या हे नवस फेडत असतात आणि त्यासाठी त्यांनी काही दिवस व्रत पाळलेले असते. त्यांच्या तोंडाशी कॅमेरा धरणे किंवा ‘पुन्हा एकदा असे करा’ म्हणून सांगणे शोभत नाही. आधी विचारावे, नकार आला तर कॅमेरा खाली ठेवावा आणि घुंगरांचे आवाज ऐकत उभे राहावे. त्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. तिथे दिवसाचा उजेड असतो, गर्दी मोकळी असते आणि छायाचित्रे घ्यायला होळीपेक्षा सोपे जाते.

अक्कलकुव्यानंतर पेट्रोलची आणि मोबाइलच्या रेंजची शाश्वती धरू नये. टाकी खालीच भरून घ्यावी आणि घरच्यांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन येणार नाही हे सांगून निघावे. त्या दिवसांत डोंगरात पहाटे गारठा असतो आणि उतरताना मैदानात उन्हाचा चटका, म्हणून एक शाल आणि पुरेसे पाणी अशी दोन्ही तयारी लागते. नंदुरबारला मुक्काम ठेवलात तर परतीची घाई होणार नाही. आम्हीही त्या सुमारास तिकडे असू. सकाळ कोणाची, हे अजून ठरायचे आहे.